प्रेमात पगार विचारणारी माणसं

लग्नाची मागणी घालायला हिरामासा मिकुरीला एका छान रेस्टॉरंटात घेऊन जातो. पस्तिशी गाठलेला, बुजरा, संगणकाच्या कामात तरबेज असा हा माणूस. मिकुरी त्याच्याच घरात राहते, पण बायको म्हणून नाही. ती त्याच्याकडे नोकरीला आहे. स्वयंपाक, साफसफाई, बाजारहाट, कामाचे ठरलेले तास आणि महिन्याला १,९४,००० येन पगार. जगाला सांगायला नवरा-बायको आणि कागदावर मालक-नोकर. एव्हाना दोघांचं एकमेकांवर प्रेम बसलेलं आहे आणि आपण प्रेक्षक नऊ भाग या क्षणाची वाट बघत बसलेलो आहोत. हिरामासा सगळी तयारी करून आलेला असतो. आपण रीतसर लग्न केलं तर तुझा पगार द्यावा लागणार नाही, ती रक्कम शिल्लक पडेल, इतक्या वर्षांत इतकी बचत होईल, हे सगळं त्याने मांडून ठेवलेलं असतं. मिकुरी ऐकून घेते. मग विचारते, म्हणजे तेच काम मी आता फुकट करायचं? आवडतोस म्हणून? ती याला प्रेमाचा गैरफायदा घेणं म्हणते आणि आपला त्याला ठाम विरोध आहे, असं तोंडावर सांगते.

२०१६ साली टीबीएस वाहिनीवर आलेल्या ‘निगेरु वा हाजि दा गा याकु नि तात्सु’ या मालिकेचा हा दहावा भाग. जपानी लोक लाडाने तिला ‘निगेहाजी’ म्हणतात. उमिनो त्सुनामी यांच्या मांगावरून, म्हणजे जपानी चित्रकथेवरून, नोगि आकिको यांनी ती लिहिली. शेवटच्या गाण्यावरचा नाच तेव्हा सगळ्या जपानने केला. आरागाकि युइ आणि होशिनो गेन या तिच्या नायक-नायिकेने २०२१ मध्ये खरोखरचं लग्न केलं, त्याचाही मोठा आनंद झाला. पण माझ्या मनात ठाण मांडून बसला तो हा प्रसंग. प्रेमाचा माणूस समोर बसलेला असताना, त्याच्यावर जीव असताना, त्याला पगाराचा प्रश्न विचारायचा आणि तो विचारल्यामुळे प्रेम तसूभरही कमी होऊ द्यायचं नाही, असं मी पडद्यावर क्वचितच पाहिलं होतं.

जपानी मालिका मी पुण्यात जपानी शिकायला लागले तेव्हापासून बघते. सुरुवात भाषेसाठी केली, पुढे त्यांची ओढच लागली. कधीकधी आई शेजारी येऊन बसते. मी संवाद सांगत जाते, ती बघत जाते. दोन माणसं एकमेकांच्या प्रेमात पडायला लागली की तिचा ठरलेला प्रश्न येतो, “घर भाड्याचं आहे की स्वतःचं?” मला तो प्रश्न फार रास्त वाटतो. आमच्या नात्यात स्थळ आलं की पगार, घर, गावाकडची शेती, डोक्यावरचं कर्ज हे सगळं पोहे संपायच्या आत विचारून झालेलं असतं. कुणी स्वतःच्या मनाने जमवलं की मात्र हेच प्रश्न एकदम अमंगळ ठरतात. प्रेम आहे ना, मग पैशाचं काय काढता? आणि मग तीनचार वर्षांनी तेच प्रश्न रात्री अकरा वाजता, दार लावून, दबक्या आवाजात बाहेर येतात. असे संसार मी जवळून पाहिले आहेत. म्हणून मिकुरी ते मागणीच्या वेळीच, उजेडात, समोरासमोर बोलते तेव्हा मला तिच्या प्रेमाची खात्री पटते.

जपानमध्येही ठरवून लग्नं होत होती आणि अजूनही थोडी होतात. युद्धाआधीच्या काळात दहातली सुमारे सात लग्नं ‘मिआइ’ करून, म्हणजे मध्यस्थामार्फत दाखवादाखवीने व्हायची. शिक्षण, नोकरी, कुटुंब, छंद यांची माहिती लिहिलेला कागद आणि फोटो दोन्हीकडे जायचा. आपल्या बायोडाटासारखंच हे. १९६०च्या दशकाच्या अखेरीस प्रेमविवाहांनी मिआइला मागे टाकलं. त्याच सुमारास आणि पुढच्या दशकात सरकारी पाहण्यांमध्ये नव्वद टक्क्यांच्या आसपास लोक स्वतःला मध्यमवर्गीय म्हणवून घेऊ लागले. सगळेच मध्यमवर्गीय असलेला देश, ही कल्पना जपानने फार मनापासून जपली. म्हणून तिथल्या प्रेमकथांमध्ये वर्ग हवेली आणि झोपडी अशा ठसठशीत रूपात कमी दिसतो. तो दिसतो नोकरीच्या करारात, राहत्या खोलीच्या क्षेत्रफळात, दुपारच्या जेवणाच्या डब्यात, कोण कुणाला कोणत्या आदराने बोलतं त्यात.

त्याआधीचा वर्ग बघायचा तर ‘ओशिन’कडे जावं लागतं. १९८३-८४ मध्ये एनएचके या सार्वजनिक वाहिनीवर रोज सकाळी ही मालिका लागायची. २९७ भाग झाले आणि सरासरी ५२.६ टक्के प्रेक्षकसंख्या होती. इतकी मोठी सरासरी गाठणारी दुसरी मालिका जपानमध्ये झाली नाही. हाशिदा सुगाको यांची ही कथा कष्टांची कथा म्हणून जगभर गाजली. यामागाता भागातल्या कुळाची सात वर्षांची पोर तांदळाच्या एका पोत्याच्या मोबदल्यात चाकरीला जाते, हे एकदा पाहिलं की विसरता येत नाही. तिच्यातल्या प्रेमांकडे मात्र फारसं कुणी बघत नाही. ओशिनचा जीव जडतो कोतावर. हा जमीनदाराचा मुलगा घर सोडून कुळांच्या चळवळीत उतरलेला. आणि त्याच्याच प्रेमात पडते कायो, ज्या धान्यव्यापाऱ्याकडे ओशिन चाकरीला होती त्या घरची मुलगी. चाकर मुलगी काय करणार? ती गप्प बसते. पुढे तिचं लग्न होतं र्यूझोशी, तोही सागाकडच्या जमीनदार घराण्यातला. १९२३च्या भूकंपात टोकियोतला त्यांचा व्यवसाय जमीनदोस्त झाल्यावर ती नवऱ्याच्या गावी जाते आणि कुळाची मुलगी सून म्हणून घरात आल्याचा राग सासू तिच्यावर काढत राहते. गरिबांच्या मुलांसाठी सर्वस्व सोडायला निघालेल्या कोताला गरिबाची एक मुलगी आपल्यापुढे गप्प का आहे हे कळत नाही, ही गोष्ट हाशिदांनी न बोलता दाखवली. मला ती सासूच्या छळापेक्षाही जास्त झोंबते.

मग आला तेजीचा काळ. टोकियोचा शेअर निर्देशांक १९८९च्या अखेरीस ३८,९१५ वर पोचला आणि पुढच्या वर्षापासून घसरायला लागला. पण टीव्हीवरची तेजी आणखी काही वर्षं टिकली. सोमवारी रात्री नऊ वाजता फुजी टीव्हीवर प्रेमकथा लागायच्या. जानेवारी १९९१ मधली ‘टोकियो लव्ह स्टोरी’ ही त्यातली सगळ्यात प्रसिद्ध. सायमोन फुमि यांच्या मांगावरून ती लिहिली तेव्हा साकामोतो युजि अवघा तेवीस वर्षांचा होता. एहिमेहून राजधानीत नोकरीला आलेला कान्जि आणि मनात येईल ते बोलून टाकणारी रिका यांची ही गोष्ट. शेवटच्या भागाला ३२.३ टक्के प्रेक्षक होते. मला रिका अजूनही प्रिय आहे. पण आज ती मालिका बघताना एक गोष्ट सतत जाणवते. तिच्यात कुणालाच महिनाअखेरची चिंता नाही. गावाहून नुकता आलेला मुलगाही भाड्याचं नाव काढत नाही. प्रेमात आडवी येतात ती फक्त मनं. त्या काळातल्या मोठ्या कंपनीत लागलेल्या पोरांना ते खरंही वाटलं असेल. मुली तेव्हा नवऱ्यासाठी तीन अटी सांगायच्या म्हणे: शिक्षण भारी, पगार भारी, उंची भारी.

त्याच वर्षी उन्हाळ्यात, त्याच वाहिनीवर, त्याच वेळेला या तिन्ही अटींत नापास झालेला एक माणूस आला. ‘१०१ काइमे नो प्रोपोझु’ या मालिकेतला होशिनो तात्सुरो. बेचाळीस वर्षांचा, बांधकाम कंपनीत वर्षानुवर्षं त्याच खालच्या हुद्द्यावर अडकलेला, नव्व्याण्णव मिआइमध्ये नकार मिळालेला. शंभराव्या वेळी समोर येते याबुकि काओरु. ती चेलो वाजवते आणि लग्नाच्याच दिवशी तिचा आधीचा जोडीदार अपघातात गेला आहे. आपण मरणार नाही हे तिला पटवायला तात्सुरो धावत्या ट्रकसमोर उडी घेतो, तो प्रसंग जपानमध्ये आजही लोक नक्कल करून दाखवतात. मला त्याच्या नोकरीची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. काओरुला आपण शोभत नाही हे मनात घेऊन तो नोकरी सोडतो आणि वकिलीच्या परीक्षेला बसतो. बेचाळीसाव्या वर्षी. जपानमधली ही परीक्षा तेव्हा भल्याभल्यांना दहा-दहा वर्षं दारात उभं करायची. तो नापास होतो. मालिकेच्या शेवटी तो रात्रपाळीला रस्त्याच्या कामावर मजूर म्हणून उभा असतो आणि काओरु नवरीच्या वेशात त्याच्यापुढे येते. अंगठी कुठून आणणार? तिथेच पडलेला एक नट तो तिच्या बोटात घालतो.

लेखक नोजिमा शिन्जि यांना त्याला परीक्षेत पास करणं सहज शक्य होतं. एक वाक्य लिहायचं होतं. त्यांनी ते लिहिलं नाही, म्हणून ही मालिका मी जवळची मानते. तात्सुरो सुरुवातीला होता त्याच्याही दोन पायऱ्या खाली गेलेला आहे आणि बाई तिथे चालत आली आहे. काही जण म्हणतील की हा पुरुषांनी रंगवलेला स्वप्नांचा खेळ आहे, कष्टकरी माणसाला अप्सरा मिळाल्याचा. त्यात तथ्य आहे. तिच्या बाजूने हा संसार कसा चालेल हे मालिका विचारत नाही. तरी त्या नटाची किंमत मालिकेने लपवली नाही, हे मी धरून ठेवते.

याच्या उलट वागलेली मालिका म्हणजे २००० सालची ‘यामातो नादेशिको’. ही मी पुन्हापुन्हा पाहिली आहे आणि दर वेळी तिच्याशी भांडले आहे. लेखिका नाकाझोनो मिहो. नायिका जिन्नो साकुराको विमानात हवाई सुंदरी आहे आणि श्रीमंत नवरा पटकवायचा हा तिचा उघड कार्यक्रम आहे. मुलामुलींच्या ओळखीच्या पार्ट्यांना ती नटूनथटून जाते, पुरुषांची मिळकत नजरेने मोजते. ती राहते मात्र एका पडक्या जुन्या लाकडी इमारतीतल्या खोलीत आणि त्या खोलीतलं कपाट महागड्या कपड्यांनी ओसंडून वाहत असतं. ती तोयामाच्या किनाऱ्यावरच्या गरीब कोळ्याची मुलगी आहे. लहानपणीची गरिबी तिच्या इतकी अंगात मुरली आहे की प्रेमापेक्षा पैसा बरा असं ती डोळ्यांत डोळे घालून सांगू शकते.

आणि तिच्या वाट्याला येतो नाकाहारा ओसुके, माशाचं दुकान चालवणारा. कोटावरच्या एका बिल्ल्यावरून तो शर्यतीच्या घोड्यांचा मालक, बडा डॉक्टर आहे असं ती समजून बसते आणि तो तो गैरसमज काही दिवस तसाच राहू देतो. पुढे खरं कळतं. मात्सुशिमा नानाकोने साकुराकोचं काम असं केलं आहे की तिची हाव आणि तिची भीती एकाच चेहऱ्यावर दिसतात. तिचा राग आला तरी तिला हावरट म्हणवत नाही. माशाच्या वासातून जी मुलगी एकदा निसटली आहे तिने पुन्हा त्याच वासात संसार का करावा? नायिकेच्या तोंडून हा प्रश्न इतक्या प्रामाणिकपणे मी फार कमी वेळा ऐकला आहे. आपल्याकडे असं बोलणारी बाई मालिकेत असते, पण ती खलनायिका असते आणि तिच्या मागे वाजणारं संगीत वेगळं असतं. इथे ती नायिका आहे. शेवटच्या भागाला ३४.२ टक्के लोकांनी तिला पाहिलं. जपानमध्ये बँका बुडून झाल्या होत्या, पदवीधरांना नोकऱ्या मिळत नव्हत्या, आणि घरोघरी लोक या मुलीच्या बाजूने होते.

भांडण आहे ते शेवटाशी. ओसुके मुळात गणिताचा विद्यार्थी, अमेरिकेत शिकत होता, ते अर्धवट सोडून घरच्या दुकानात उभा राहिला, हे आपल्याला आधी कळलेलं असतं. साकुराको इस्पितळाच्या वारसाशी ठरलेलं लग्न मोडते, इथपर्यंत मी तिच्याबरोबर आहे. पण मग लेखिका ओसुकेला न्यू यॉर्कला गणिताकडे परत पाठवते आणि साकुराको तिथे जाते. माशाच्या दुकानाच्या गल्ल्यामागे उभी राहिलेली साकुराको आपल्याला दिसतच नाही. अकरा भाग जो प्रश्न धगधगत ठेवला त्याचं उत्तर द्यायची वेळ आली तेव्हा मालिकेने प्रश्नच बदलला. मुलगा मुळात हुशारच होता, कोळ्याच्या वासाचा नव्हताच. मला याचं फार वाईट वाटतं, कारण बाकी इतकं धीटपणे लिहिलं आहे.

नाकाझोनो यांनी हा प्रश्न सोडून दिला नाही, हेही सांगायला हवं. २००७ मध्ये त्यांनी ‘हाकेन नो हिन्काकु’ लिहिली. एजन्सीमार्फत तीन महिन्यांच्या करारावर कचेरीत येणारी ओमाए हारुको हिची ती गोष्ट. तासाला ३,००० येन घेणारी, सहा वाजले की उठणारी, जास्तीचं काम आणि कचेरीतल्या पार्ट्या दोन्हींना नकार देणारी बाई. जपानमध्ये एजन्सीमार्फत माणसं पुरवण्याचा कायदा १९८६ पासून लागू झाला, १९९९ मध्ये बहुतेक सगळ्या कामांना आणि २००४ मध्ये कारखान्यांनाही तो खुला झाला. म्हणता म्हणता कामगारांतला तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग कायम नोकरीच्या बाहेर गेला. विषमतेचा समाज हा शब्दप्रयोग २००६च्या गाजलेल्या शब्दांत निवडला गेला. आणि मालिका येऊन गेल्यावर दोनच वर्षांत, २००८च्या अखेरीस, कामावरून काढलेल्या कंत्राटी लोकांसाठी टोकियोच्या हिबिया बागेत तंबू पडले. कायम नोकरीतला एक माणूस हारुकोवर जीव लावतो, पण एकाच खोलीत शेजारी बसून काम करणाऱ्या या दोघांमध्ये जे अंतर आहे ते घराण्याचं नाही, शिक्षणाचंही नाही. ते कराराचं आहे. मिकुरीची कथा इथूनच फुटते. तीही पदव्युत्तर शिक्षण घेतलेली, कायम नोकरी न मिळालेली, एजन्सीमार्फत कामाला लागलेली आणि मग काढून टाकलेली मुलगी. हे लक्षात ठेवून पाहिलं तर तिचा पगाराचा आग्रह अगदी वेगळा दिसतो. तिला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी ‘तुझं काम चांगलं आहे’ म्हणून ठरल्या दिवशी पैसे दिले आहेत. तेच काढून घेऊन बदल्यात प्रेम देऊ केलं तर तिने आनंदाने रडावं?

श्रीमंत मुलगा आणि गरीब मुलगी या सरळ जोडीबद्दल मला फार लिहावंसं वाटत नाही. ‘हाना योरि दान्गो’ २००५ मध्ये टीबीएसवर आली, त्याआधी २००१ मध्ये तैवानने आणि नंतर २००९ मध्ये कोरियाने त्याच मांगावरून आपापली मालिका केली आणि ती सगळीकडे चालली. तिच्यातल्या गरीब नायिकेचा, त्सुकुशिचा, ताठ कणा मलाही आवडतो. पण मुलाकडे इतके पैसे आहेत की त्यांचा हिशेबच लागत नाही आणि जिथे हिशेब लागत नाही तिथे बोलण्यासारखं थोडंच उरतं.

‘फर्स्ट लव्ह: हात्सुकोइ’ बद्दल मात्र बोलायला हवं, कारण नेटफ्लिक्सवर असल्यामुळे माझ्या ओळखीतल्या कितीतरी मराठी घरांत ती पाहिली गेली. २०२२ मधली, उतादा हिकारुच्या दोन गाण्यांवरून सुचलेली. याए सापोरोमध्ये टॅक्सी चालवते. तिचं पहिलं प्रेम असलेला हारुमिचि हवाई दलात वैमानिक होता, आता इमारतीवर सुरक्षारक्षक आहे. मधल्या वर्षांत एका अपघातात याएची स्मृती गेली, एका श्रीमंत डॉक्टरशी तिचं लग्न झालं, त्या घरात ती कधीच बरोबरीची झाली नाही आणि शेवटी मुलगाही त्या घरीच राहिला. मुलाला जे देता येणार नाही ते त्याच्या बापाकडे आहे, एवढ्या साध्या हिशेबावर आई मागे होते, ते प्रसंग मित्सुशिमा हिकारिने असे केले आहेत की मला मालिका थांबवून उठावं लागलं. टॅक्सीतल्या रात्री, स्वस्त जेवण, गणवेश, सगळं खरं. पण अखेरीला काय होतं? तो पुन्हा विमान चालवायला लागतो आणि ती लहानपणी ठरवल्याप्रमाणे हवाई सुंदरी होते. दोघं भेटतात ती दोघांच्या नोकऱ्या दुरुस्त झाल्यावर. टॅक्सीवाली आणि पहारेकरी म्हणून त्यांना सुखी होता आलं नसतं का? बावीस वर्षांपूर्वी न्यू यॉर्कला पाठवलेल्या ओसुकेची मला आठवण झाली. गरिबीला इतक्या मायेने बघणारे हे लेखक शेवटच्या वळणावर का घाबरतात कळत नाही. कदाचित प्रेक्षक घाबरतात आणि लेखकांना ते माहीत असतं.

न घाबरलेला माणूस माझ्या लेखी साकामोतो युजि. ‘टोकियो लव्ह स्टोरी’ला पंचवीस वर्षं झाली तेव्हा, जानेवारी २०१६ मध्ये, तो त्याच वाहिनीवर, त्याच सोमवारी नऊच्या वेळेला एक लांबलचक नावाची मालिका घेऊन आला. प्रेक्षक तिला ‘इत्सुकोइ’ म्हणतात. कधीतरी हे प्रेम आठवून मी नक्की रडेन, अशा अर्थाचं ते नाव आहे. ओतो होक्काइदोमध्ये परक्या घरात वाढलेली, गावातल्या पैसेवाल्याशी तिचं लग्न लावून द्यायचं घाटत असतं. रेन मूळचा फुकुशिमातल्या आइझुचा, टोकियोत घरसामान हलवणाऱ्या कंपनीत ट्रकवर हमाली करतो आणि आजोबांची गेलेली जमीन परत घ्यायला पैसे साठवतो. तिच्या आईचं पत्र असलेली चोरीला गेलेली बॅग परत द्यायला तो इतक्या लांब येतो आणि त्याच ट्रकमधून ती टोकियोला येते. तिथे ती वृद्धाश्रमात नोकरी धरते. दिवस-रात्र एक करणाऱ्या पाळ्या, म्हाताऱ्या माणसांचं हगणं-मुतणं काढणं, हातात पडणारा बेताचा पगार. पुढे तिच्यावर मनापासून प्रेम करणारा दुसरा मुलगाही येतो आणि तो ती काम करते त्या कंपनीच्या मालकाचा मुलगा असतो.

या मालिकेत भाडं आहे, खोलीतला गारठा आहे, दिवसाला किती खर्च करायचा याचं गणित आहे. ओतो रेनला कितीतरी दिवस त्याच्या नावाने हाकच मारत नाही, सामान हलवणारे या अर्थी ‘हिक्कोशियासान’ म्हणते. त्यात त्याच्या कामाचा मान आहे. मालकाचा मुलगा वाईट नाही, हे साकामोतोचं मला सगळ्यात थोर वाटणारं काम. तो हळवा आहे, खरा आहे, आणि तरीही त्याने तिला देऊ केलेल्या सुखामागे त्याच्या बापाची कंपनी उभी आहे, जिथे तिच्यासारख्या मुली राबतात. हे तो विसरू शकतो, ती विसरू शकत नाही. कथा मार्च २०११च्या भूकंपाच्या अलीकडून पलीकडे, २०१६ पर्यंत जाते. मधल्या काळात रेन बदलतो, माणसं पुरवणाऱ्या धंद्यात जातो, ज्या लोकांसारखा तो स्वतः होता त्यांनाच स्वस्तात विकायला लागतो. गरिबी माणसाला थोर करते असलं काही साकामोतो म्हणत नाही. त्याच्याकडे गरिबी रेनला कठोर करते आणि मग त्याला परत यायला वेळ लागतो.

आणि शेवटी? कुणीही वैमानिक होत नाही. कुणाला वारसा मिळत नाही. ओतोला वाढवलेल्या बाईची सेवा करायला होक्काइदोला परतावं लागतं आणि रेन तिला भेटायला तिथे जातो. त्या वेळेला लागणाऱ्या मालिकांच्या मानाने हिला प्रेक्षक फार कमी लाभले. उदास आहे, सोमवारी रात्री इतकं जड कोण बघणार, असं तेव्हा म्हटलं गेलं. ज्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी अशाच पाळीवर जायचं होतं त्यांना ती जड झाली असेल तर मी समजू शकते. त्यांच्यावर माझा रोष नाही. पण आपल्या देशातले सगळेच मध्यमवर्गीय आहेत ही समजूत ज्यांना अजून हवी होती त्यांनीही तोंड फिरवलं असणार.

ओतोचं काम आज जपानमध्ये कुणी करायला मिळत नाही. माणसं म्हातारी झाली आहेत, २००० सालापासून शुश्रूषेचा सरकारी विमा आहे, पण वृद्धसेवकांचा पगार बाकीच्या क्षेत्रांच्या सरासरीपेक्षा कमीच राहिला आहे. म्हणून जपानने २०१९ पासून परदेशी कामगारांसाठी नवा व्हिसा सुरू केला आणि जानेवारी २०२१ मध्ये भारताशीही तसा करार केला. वृद्धसेवा त्यात आहे. माझ्या वेळी जपानीच्या वर्गात येणारी मुलं बहुतेक संगणकवाली असायची. आता त्याच वर्गांत लहान गावांतल्या, नर्सिंग केलेल्या मुली दिसतात. त्या कुशीवर वळवणे, आंघोळ घालणे, भरवणे यासाठीचे जपानी शब्द पाठ करतात. घरी किती पैसे पाठवता येतील, खोलीचं भाडं किती जाईल, याचा हिशेब वहीच्या मागच्या पानावर करतात. त्यातली एक मला विचारत होती, तिकडची एखादी मालिका सांगा, कानाला बोली बसेल अशी. मी तिला ‘इत्सुकोइ’ सांगितली. पहिला भाग बघून तिने लगेच मेसेज केला, “ताई, हिला पाळीचे वेगळे पैसे मिळतात का?”

सोमवारी रात्री नऊ वाजता कधीतरी या मुलीची गोष्ट लागावी असं मला फार वाटतं. सापोरोत किंवा सेंदाइत, रात्रपाळी संपवून निघालेली नांदेडची नाहीतर सांगोल्याची मुलगी, तिच्या प्रेमात पडलेला कुणी ट्रकवाला, आणि दोघांच्या पगाराची बेरीज. ती लिहायला साकामोतोइतकाच धीट कुणी लागेल. तो जपानीतच लिहील की मराठीत, हे आज सांगता येत नाही.